निघण्याआधी पोचलेलं पत्र

१

मंगळवारी मी आमच्या वाचनालयाचा नकाशा एका अनोळखी माणसाच्या हवाली केला आणि वर त्याला पाणीही विचारलं. आपण काय करून बसलो ते मला गुरुवारी दुपारी कळलं.

फोन संग्रहालयातून होता. तिथला संगणक सांभाळणारा तरुण सदा धावत असतो, म्हणून आम्ही सगळे त्याला घाईराव म्हणतो. त्या दिवशी मात्र तो तोंडात लाडू असल्यासारखा बोलत होता. "पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. नकाशा कधी पाठवताय?"

"अरे, परवाच दिला की तुमच्या माणसाला!"

"कुठल्या माणसाला?"

नदीच्या खोऱ्याचा, हाताने रंगवलेला, दोन हात लांबीचा तो नकाशा म्हणजे आमच्या वाचनालयाचा एकुलता एक दागिना. मी सोमवारचं पत्र पुन्हा उघडलं. पत्ता संग्रहालयाचा, खाली संग्रहालयाची मोहोर, आणि शेजारी हिरवी खूण. पत्र खरं असल्याची ती खूण आमचा सर्व्हर सगळं तपासून उमटवतो. 'प्रदर्शनाआधी नकाशा तपासायचा आहे. मंगळवारी माणूस येईल, त्याच्याकडे द्यावा.' मी लगेच 'देते' असं उत्तरही पाठवलं होतं. ते घाईरावच्या चार हजार न वाचलेल्या पत्रांत पडून होतं.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी ऐकून घेतलं. ते आवाज चढवत नाहीत, हेच त्यांच्यातलं भीतीदायक आहे. म्हणाले, "उद्या पाच वाजता कार्यकारिणी बसेल. पोलिसांत जायचं की नाही ते तेव्हा ठरवू. तुमच्या नोकरीचंही तेव्हाच."

एकोणीस वर्षं मी त्या टेबलामागे बसले आहे. घरी जाताना चप्पल उलटसुलट घातल्याचं अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं.

२

आमच्या सासूबाई डाकखात्यात एकतीस वर्षं होत्या, तेही पत्ता न लागलेल्या पत्रांच्या विभागात. पाकिटावर नुसतं 'विहिरीजवळच्या काकूंना' एवढंच लिहिलेलं असलं तरी ती काकू शोधून काढायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या, पण खोड गेली नाही. आमच्या घरात कुणाचंही काहीही हरवलं की त्या खुर्ची ओढून बसतात आणि आम्हाला उभं करून उलटतपासणी घेतात.

"रडून झालं असेल तर नीट सांग," त्या म्हणाल्या. "तुझं ते मंडळ काय आहे? बारा वर्षं ऐकतेय आणि कधी समजलं नाही."

मग मी सांगितलं. आमच्यासारख्या लहान संस्था स्वतःचा मेल सर्व्हर चालवतात. मोठ्या कंपन्यांना आम्ही कोण ते ठाऊक नसतं, त्यामुळे आमची चांगली पत्रं केरात जातात आणि भामट्यांची पत्रं आमच्या डोक्यावर येऊन पडतात. म्हणून आम्ही हमी-मंडळ काढलं. त्याला मालक नाही, मुख्य कचेरी नाही. प्रत्येक सर्व्हरची एक मोहोर असते आणि त्या मोहोरेचे चाळीस आकडे. नवी मोहोर आली की मंडळातल्या दोघांनी तिची हमी द्यायची. ती देण्याआधी मोहोरेच्या मालकाकडून चाळीसच्या चाळीस आकडे ऐकायचे. समोरासमोर बसून, किंवा आवाज ओळखीचा असेल तर फोनवर. एकाने वाचायचं, दुसऱ्याने खुणा करत जायचं. दोन हम्या पडल्या की बाकी सगळे सर्व्हर ती मोहोर मानतात.

"आणि सोमवारी काय झालं?"

"संग्रहालयाच्या नावाने नवी मोहोर आली. यंत्र बदललं म्हणून. तिला दोन हम्या पडल्या. एक वेधशाळेच्या बाईंची, एक छापखान्याच्या दादांची. दुपारी त्याच मोहोरेचं पत्र मला आलं."

"घाईराव काय म्हणतो?"

"यंत्र बदललंच नाही म्हणतो."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे तिघांतला एक जण खोटं बोलतोय. निदान एक. चल, संग्रहालय पाचपर्यंत उघडं असतं ना?"

३

घाईराव संग्रहालयाच्या तळघरात बसतो. भोवती मातीच्या फुटक्या मडक्यांची खोकी, मधे हा. त्याचा डावा गाल टम्म सुजला होता.

"अक्कलदाढ," तो म्हणाला. "सोमवारी काढली."

"यंत्र बघू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण धूळ कळते. पेटीवर आणि मागच्या तारांवर बोटभर धूळ होती. वर्षभरात कुणी तिला शिवलेलं नव्हतं.

"मंडळात तुझ्या नावाने नवी मोहोर आली, दोघांनी तिची हमी दिली, आणि तुला पत्ता नाही?" मी जरा तावातच विचारलं. "हम्यांची सूचना सगळ्यांना जाते. तुलाही आली असणार."

"आली असेल. वाचणार होतो मी... नंतर."

"हे 'नंतर' सगळ्यांना माहीत आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"मंडळाच्या प्रत्येक बैठकीत त्यावरून माझी टिंगल होते, आजी."

"बरं. सोमवारी सकाळी कुठे होतास?"

"दंतवैद्याकडे. साडेनऊला गेलो. भूल इतकी दिली होती की दोनपर्यंत स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. घरी पाटीवर लिहून पाणी मागितलं."

जिन्यावर मी म्हणाले, "आई, हा कामाचा नाही. आळशी आहे, पण चोर नाही."

"आळशी माणसालाही नकाशा विकता येतो," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी सकाळी आकडे वाचून दाखवणं मात्र त्याला जमलं नसतं, एवढं लक्षात ठेव."

४

शुक्रवारी पावणेदहाला आम्ही निघालो. छापखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आत शिरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. सासूबाईंची चाल मंद आहे खरी, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं.

छापखान्याचे मालक म्हणजे सगळ्यांचे दादा. छपाई करतात, पण त्यांचा खरा जीव बांधणीत आणि जुने कागद दुरुस्त करण्यात. त्यांचे हात बघत राहावेत असे आहेत. आमच्या वाचनालयातलं एकही फाटकं पान त्यांच्या हातून गेल्याशिवाय कपाटात परतत नाही. इतकं उकडत असूनही त्यांनी आतल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाहेर दोरीवर ओले टिपकागद वाळत होते.

"या, या. आज आजींनाही आणलंत? बसा." त्यांनी स्टुलावरच्या पुठ्ठ्यांची चळत उचलली.

मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "नकाशाचं ऐकलं. चूक माझी आहे, वहिनी. मी आकडे ऐकले नाहीत. वेधशाळेच्या बाईंनी हमी दिलेली बघितली आणि म्हटलं, बाई म्हणजे काटेकोर माणूस, त्यांनी तपासलं म्हणजे झालंच. मीही दिली. नोंद बघा, त्यांची दहा चाळीसला, माझी दहा पंचावन्नला."

मी पाहिलेलंच होतं. नोंद तशीच होती.

"तुम्ही बाईंशी बोललात का नंतर?" सासूबाईंनी विचारलं.

"काय बोलणार? त्यांच्याही लक्षात आलं असेल." त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची कणव आली. इतक्या सरळपणे चूक कबूल करणारं माणूस हल्ली कुठे भेटतं?

निघताना घड्याळात दहा पंचेचाळीस झालेले. वाचनालय साडेदहाला उघडतं. आधीच नोकरी टांगणीला, त्यात उशीर. मी सासूबाईंना जवळजवळ ओढतच नेलं. पोचलो तर शिपाई नुकता कुलपाला किल्ली लावत होता. त्यालाच आज उशीर झालेला दिसतो, असं मनात म्हणत मी आत गेले.

दुपारी बारा वाजता वेधशाळेच्या बाई स्वतःच आल्या. पांढरे केस, पेन्सिली टोकदार, दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका दुरुस्त करायची सवय. आल्या आल्या म्हणाल्या, "मी नियमाप्रमाणे वागले. सोमवारी सकाळी मला संग्रहालयातून फोन आला. मुलाने चाळीस आकडे वाचले, मी खुणा केल्या, दहा चाळीसला हमी दिली."

"आवाज त्याचाच होता?" सासूबाईंनी विचारलं.

"स्पष्ट. त्याचाच."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "बाई, सोमवारी दहा वाजता त्याची अक्कलदाढ निघत होती."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पर्स उचलून त्या तडक निघून गेल्या.

५

"संपलं," मी म्हणाले. "बाईंनीच केलं. पहिली हमी त्यांची, आणि वर धडधडीत खोटं. दादा बिचारे त्यांच्यामागून गेले. अध्यक्षांना सांगते."

"सांग की. पण खोटं बोलणाऱ्या सगळ्यांनी चोरी केलेली असती, तर आमचं अख्खं डाकखातं तुरुंगात गेलं असतं." सासूबाईंनी माझी खुर्ची बळकावली. "मला एक सांग. ही दहा चाळीस आणि दहा पंचावन्नची वेळ कुणी लिहिली?"

"ज्याच्या त्याच्या सर्व्हरने. पत्र धाडताना."

"म्हणजे धाडणाऱ्याच्या घड्याळाने."

"हो."

"आमच्या काळी पाकिटावर दोन शिक्के असायचे. टाकलं त्या ठिकाणचा पुढे, पोचलं त्या ठिकाणचा मागे. पुढचा पुसट असला तर आम्ही मागचा बघायचो. तुमच्या पत्रांना मागची बाजू नसते का?"

असते. हे लिहितानाही मला लाज वाटते, कारण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. प्रत्येक पत्र आत घेताना आमचा सर्व्हर आपल्या घड्याळाने पोचेची वेळ एका वहीत टिपून ठेवतो. पडद्यावर ती दिसत नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना ती वही कोण उघडतं? मी उघडली.

वेधशाळेची हमी: निघाली दहा चाळीसला, पोचली दहा चाळीसला. त्यांचं घड्याळ सेकंदाला चुकत नाही.

छापखान्याची हमी: निघाली दहा पंचावन्नला. पोचली दहा पस्तीसला.

मी डोळे चोळून पुन्हा वाचलं. पत्र निघायच्या वीस मिनिटं आधी पोचलं होतं.

"आमचं घड्याळ चुकलं असेल," मी म्हणाले.

"मग बाईंचं पत्र कसं वेळेवर आलं? आणि आज सकाळी आपण दहा मिनिटांचं अंतर अर्ध्या तासात चाललो का? मी म्हातारी आहे, गोगलगाय नाही. शिपायालाही उशीर झालेला नव्हता." त्या हसल्या. "तुझे दादा सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे ठेवतात. गिऱ्हाइकांचं काम वेळेत व्हावं म्हणून असेल. यंत्राचंही तसंच ठेवलेलं."

"मग दादांची हमी पहिली."

"पहिली. आणि ते म्हणतात, बाईंची बघून दिली. जी तेव्हा दिलेलीच नव्हती, ती त्यांनी बघितली कशी?"

खोट्या मोहोरेला कुणाच्या तरी हमीने सुरुवात करून देणं भाग होतं. दुसऱ्याचं बघून पहिली हमी देता येत नाही.

"आणि बाई?" मी विचारलं.

"बाईंनी दादांची हमी बघितली आणि न ऐकता आपली दिली. तुमच्यातली सगळ्यात काटेकोर बाई. तिला ते चारचौघांत म्हणवेना, म्हणून फोन रचला. फोन कर तिला. रागावू नकोस."

मी फोन केला. बाई म्हणाल्या, "दादा तपासल्याशिवाय सही करत नाहीत, असं मला वाटलं." आणि त्या चक्क रडायला लागल्या.

६

साडेतीन वाजता आम्ही परत छापखान्यात गेलो. त्यांच्या घड्याळात तीन पन्नास झाले होते. मी पोचेच्या वहीचं ते पान दादांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मुकाट्याने आतल्या खोलीचं दार उघडलं.

नकाशा लांब टेबलावर पालथा पडला होता, चिंब भिजलेला. पाठीचं कापड अर्ध्यापर्यंत सुटलं होतं. उरलेल्या अर्ध्या भागावर तपकिरी डाग पसरले होते.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही हा माझ्याकडे पाठीला कापड लावायला दिला होता," ते म्हणाले. "खळ शिजवायला वेळ नव्हता. मी बाजारातला तयार गोंद वापरला. असं कधी करत नाही मी. एकदाच केलं. गोंद आतून कागद खायला लागला. प्रदर्शनाला कागद तपासणारे तज्ज्ञ येणार आहेत. त्यांनी पाठ बघितली असती की पहिला प्रश्न हाच: हे कुणी केलं?"

"मग मला सांगायचं होतं, दादा! मी स्वतः आणून दिला असता."

"तेच तर जमलं नाही, वहिनी. मंगळवारी भाड्याचा हमाल पाठवला, त्याला काही ठाऊक नव्हतं. दुरुस्त करून, संग्रहालयाच्याच नावाने परत पाठवणार होतो. कुणाला कळलंही नसतं."

मला संताप आला. ह्या माणसाच्या इभ्रतीसाठी माझी एकोणीस वर्षं पणाला लागली होती. "आत्ताच्या आत्ता उचला तो नकाशा," मी म्हणाले.

"ओला असताना उचलला तर फाटेल. अजून सहा दिवस हवेत."

सासूबाईंनी कापडाच्या कडेला वाकून पाहिलं. जिथून ते सुटलं होतं तिथला कागद स्वच्छ होता, एक तंतूही उचकटलेला नव्हता. मग त्या बाजूला सरकल्या. निर्णय माझ्यावर सोडला होता, हे मला कळलं.

पाच वाजता मी अध्यक्षांसमोर सगळं सांगितलं, स्वतःचंही. वस्तू दाराबाहेर जाणार असेल तर हिरवी खूण असली तरी फोन करायचा, हा नियम मीच लिहिलेला आहे. तोच मी मोडला होता.

"नकाशा आज संध्याकाळी इथे हवा," अध्यक्ष म्हणाले. "दुसरा कारागीर बघू."

"आज हलवला तर फाटेल. तिथेच राहू द्या. मी सांगते म्हणून."

"चोराकडे?"

"त्यांनी खोटी मोहोर केली. कागदाला मात्र ते धक्का लावणार नाहीत."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या गुरुवारी नकाशा धड आला तर तुम्ही राहा आणि पोलिसांचं आपण विसरू. नाही आला तर त्यांच्याबरोबर तुम्हीही."

घरी सासूबाई म्हणाल्या, "हमी दिलीस. आकडे ऐकलेस का?"

"कागद बघितला," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आमच्या सर्व्हरच्या यादीतून छापखान्याचं नाव काढलं. वेधशाळेच्या बाईंनी काढलं. घाईरावनेही काढलं, त्याच दिवशी. मग एकेक करत मंडळातल्या बाकीच्यांनीही. मंडळातून कुणी कुणाला हाकलत नाही. ज्याने त्याने आपापल्या घराचं दार लावायचं, तेवढं पुरतं.

ते सहा दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. रोज जेवणाच्या सुट्टीत छापखान्याच्या कोपऱ्यापर्यंत जायचे आणि आत न जाता परत यायचे.

गुरुवारी सकाळी दादा नकाशा घेऊन चालत आले. टेबलावर उलगडला. डाग गेले होते. कागद इतका सपाट आणि उजळ दिसत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पोचपावतीची वही पुढे ओढली.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी खालच्या कोपऱ्यात नदीच्या वळणापाशी बोट ठेवलं. "इथे एक विहीर होती. निळा ठिपका, डाळीच्या दाण्याएवढा. पाण्यात गेला. माझ्या हातून."

नकाशात शंभरावर विहिरी आहेत. कुणी मोजल्या नव्हत्या, कुणी मोजणारही नव्हतं.

"लिहून घ्या," ते म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली. अध्यक्षांनी ती नोंद दोनदा वाचली, तोंड वाकडं केलं आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली. मी आहे त्याच टेबलामागे आहे.

त्याच दुपारी मी दादांना समोर बसवलं. त्यांनी आपल्या मोहोरेचे चाळीस आकडे वाचले, मी खुणा केल्या आणि छापखान्याला पुन्हा हमी दिली. पण हम्या दोन लागतात. बाई 'बघू' म्हणतात. घाईराव 'नंतर' म्हणतो, आणि यावेळी तो आळसाने म्हणत नाही. दुसरी हमी अजून पडलेली नाही, त्यामुळे त्यांची पत्रं मंडळात कुणाकडेच पोचत नाहीत. दादा ती कागदावर छापून स्वतः चालत आणून देतात, आणि मी पाकीट फोडून शेवटपर्यंत वाचेपर्यंत टेबलासमोर उभे राहतात.